गुणकारी गोड : एक परीक्षण

दिवाळी अंकांत परीक्षणे येतात ती कादंबऱ्यांची, कथासंग्रहांची, फार झाले तर एखाद्या नाटकाची. जी वस्तू खरोखरीच तोंडात घालून चाखायची असते, तिचे परीक्षण मात्र कोणी लिहीत नाही. वास्तविक रस, रुची, गोडी, आस्वाद, परिपाक ही आमच्या टीकाकारांची सारी भांडीकुंडी स्वयंपाकघरातून उसनी नेलेली आहेत. रस म्हणजे काय हे सांगताना भरतमुनींनी नाट्यशास्त्रात दाखला दिला आहे तोही जेवणाऱ्याचाच. नाना व्यंजनांनी सिद्ध झालेले अन्न खाऊन जेवणारा जसा सुखावतो, तसा नाटक पाहणारा. इतकी शतके झाली, ही भांडी काही परत आली नाहीत. तेव्हा जिच्या दोन्ही कादंबऱ्या परीक्षणकर्त्यांनी 'गोड आणि पचायला हलक्या' असे म्हणून निकालात काढल्या, अशा एका लेखिकेने ती भांडी यंदा परत आणून त्यांत खाण्याचीच वस्तू मोजली, तर कोणी रागावू नये.

माझा विषय आहे तो सुकामेवा, फळे आणि बिया एकत्र दाबून केलेल्या त्या आडव्या वड्यांचा. वाचकांच्या घरी त्या पोचल्या असतीलच. गेल्या काही दिवाळ्यांपासून कचेऱ्यांतून सोनपापडीच्या डब्याच्या जागी या वड्यांची खोकी भेट म्हणून येऊ लागली आहेत. वेष्टणावर हिरवे पान असते, धावणारी तरुणी असते आणि 'हेल्दी' हा शब्द या ना त्या रूपाने असतोच असतो.

विकणारे त्यांना 'बार' म्हणतात. या शब्दाचे आम्हां मराठी माणसांना वावडे नाही. उलट तो आमच्याकडे जरा जास्तच झाला आहे. आम्ही तंबाखूचा बार भरतो, लग्नाचा बार उडवतो, डाळिंबाला मृग बार धरावा की आंबे बार यावर पारावर तास तास वाद घालतो. सातारा जिल्ह्यातल्या सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका श्रावणात ओढ्याच्या दोन काठांना उभ्या राहून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात, त्यालाही 'बोरीचा बार' असेच नाव आहे. संध्याकाळी काही गृहस्थ ज्या बारमध्ये बसतात तो निराळा. आणि दिवाळीच्या दिवसांत हा शब्द उच्चारला की त्याच्या मागे 'फुसका' हे विशेषण आपोआप येऊन उभे राहते. परीक्षणाआधीच निकाल लागू नये म्हणून मी या वस्तूला सरळ वडी म्हणणार आहे. आकाराने, कापण्याने आणि स्वभावाने ती वडीच आहे.

तिचे कुळ मात्र आमचे नव्हे. ते कुळ थोडे सांगितले पाहिजे, कारण तिच्या चवीतला पुष्कळसा दोष आनुवंशिक आहे. १८६३ साली अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल येथे, जेम्स कॅलेब जॅक्सन नावाचे गृहस्थ एक आरोग्यधाम चालवीत. रोग्यांसाठी त्यांनी कोंड्यासकट दळलेल्या गव्हाचे पीठ भिजवून, भाजून, फोडून, पुन्हा भाजून एक पदार्थ केला आणि त्याला 'ग्रॅन्युला' म्हटले. तो इतका टणक होई की रात्रभर भिजत घातल्याशिवाय खाता येत नसे. पुढे मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात डॉक्टर जॉन हार्वे केलॉग यांनी त्याच जातीचा पदार्थ केला आणि नावावरून तंटा झाल्यावर 'ग्रॅनोला' असे एक अक्षर फिरवून घेतले. हे एक आजोळ. दुसरे अगदी अलीकडचे. कॅनडाचे ब्रायन मॅक्सवेल हे लांब पल्ल्याचे धावपटू होते. मॅरेथॉनच्या शेवटच्या टप्प्यात अंगातले त्राण संपते याचा त्यांना अनुभव आला, तेव्हा धावता धावता खाता येईल अशी वडी त्यांनी खटपट करून बनवली आणि १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथून ती विकायला काढली.

म्हणजे एका बाजूला आरोग्यधामातला रोगी आणि दुसऱ्या बाजूला तीस-पस्तीस किलोमीटर धावून आलेला गडी. पहिल्याला चव चालत नसे, दुसऱ्याला चवीकडे पाहायला सवड नसे. या दोघांचे खाणे आज आपण रिक्षाने शाळेत येणाऱ्या मुलाच्या डब्यात घालतो आणि त्याने ते आवडीने खावे अशी अपेक्षा धरतो.

आपल्याकडे अशा वस्तू नव्हत्या असे नाही. डिंकाचा लाडू आहे, आहळिवाचा आहे, राजगिऱ्याची वडी आहे, शेंगदाण्याची चिक्की आहे, कोकणातली आंबापोळी आणि फणसपोळी आहे. आंबापोळीइतकी शुद्ध फळाची वडी जगात दुसरी असेल असे मला वाटत नाही. रस, ऊन आणि माश्या हाकणारे एक माणूस, एवढेच तिचे साहित्य. चिक्कीचे कुळ लोणावळ्यात असे सांगतात की, घाटातल्या रेल्वेच्या कामावरच्या मजुरांना विकली जाणारी गूळदाणी ही तिची आई. डिंकाचा लाडू तर सरळसरळ बाळंतिणीसाठीच. पण यातली प्रत्येक वस्तू कोणाची आहे, कोणत्या ऋतूची आहे, हे ठरलेले असे. वैशाखात डिंकाचा लाडू कोणी मागितला तर आजी त्याच्या कपाळाला हात लावून पाहील. या नव्या वडीला ऋतू नाही, माणूस नाही, वेळ नाही. ती कोणीही, केव्हाही, उभ्याउभ्या खावी म्हणून केलेली आहे. समीक्षकाला विचार करायला लावणारी खरी गोष्ट हीच आहे.

असो. आता प्रत्यक्ष परीक्षा.

तालुक्याच्या मोठ्या दुकानातून आणि पुण्याहून मिळून मी सहा तऱ्हेच्या वड्या आणवल्या. त्यांची नावे देत नाही. बालवाडीत शिकवणारी बाई मुलांचे गुण फळ्यावर लावीत नसते. वेष्टणे काढून कपाटात ठेवली, वड्यांचे सारखे तुकडे केले आणि ताटात खडूने आकडे घालून मांडले. सहांबरोबर मी कोणाला न सांगता आणखी दोन तुकडे ठेवले. एक आमच्या आठवडेबाजारातली शेंगदाण्याची चिक्की आणि दुसरा रत्नागिरीहून आलेली आंबापोळी, घड्या घालून त्याच आकाराची कापलेली. परीक्षक तिघे. सासूबाई, वय वर्षे ८१, कवळी शाबूत. धाकटी मुलगी, इयत्ता सातवी, जगातल्या सर्व जाहिराती तोंडपाठ. शेजारचे काका, निवृत्त पोस्टमास्तर, यांना रक्तातल्या साखरेचा विकार आहे. पण तपासनीसाच्या जागेवरून त्यांना हलवणे अशक्य होते. प्रत्येकाने घोटभर पाणी पिऊन चाखायचे, शेरा मला कानात सांगायचा. सासूबाईंनी दुसऱ्याच तुकड्यापासून शेरे मोठ्याने द्यायला सुरुवात केली, त्यामुळे ही परीक्षा विद्यापीठाच्या कसोटीला उतरणार नाही हे खरे.

क्रमांक एक. खजूर, बदाम, मनुका आणि चिमूटभर मीठ, इतकेच. दाताखाली खजुराचा मऊ गर येतो, तो चिकटतो न चिकटतो तोच बदामाचा तुकडा मोडतो. मीठ कुठे आहे ते कळत नाही, पण ते नसते तर कळले असते. गोड आहे, चांगलीच गोड आहे, आणि आपण गोड असल्याबद्दल तिला संकोच नाही. सासूबाई म्हणाल्या, "ही कुणा सुगरणीनं केलीय." मी कारखान्याचे नाव सांगितले नाही.

क्रमांक दोनबद्दल मात्र जरा विस्ताराने लिहायला हवे. ही प्रथिनांची वडी. वेष्टणावर ग्रॅमचा आकडा इतका मोठा छापला होता की मला आधी ती किंमत वाटली. बाहेरून चॉकलेटचा लेप. आत राखी रंगाचे, रबरासारखे काहीतरी. पहिला घास तुटता तुटेना. तुटला तो दाताला बिलगला. आमच्या काव्यशास्त्रात रसाच्या अनुभवाला 'चर्वणा' म्हटले आहे. येथे चर्वणा भरपूर आहे, रसाचा पत्ता नाही. मग जिभेवर एक थंडगार गोडवा पसरला आणि तोंड रिकामे झाले तरी तो जाईना, निरोप घेतल्यावर दारात तासभर बोलत उभ्या राहणाऱ्या पाहुण्यासारखा. सासूबाईंनी कवळी काढून धुतली. मुलीने वेष्टण पाहिलेले नव्हते, पण तिने बरोबर ओळखले, "ही ती जिमवाल्या दादांची." पोस्टमास्तर म्हणाले, "डिंक चांगला आहे, पाकिटांना चालेल."

यात काय होते? सोयाबीनचे फुलवलेले दाणे, दूध फाडल्यावर उरणाऱ्या निवळीची भुकटी, माल्टिटॉल नावाची साखरेची मावसबहीण आणि चिकोरीच्या मुळाचा तंतू. चिकोरी म्हणजे आपल्या कॉफीत मिसळतात तीच. हे सर्व पदार्थ आपापल्या जागी निर्दोष आहेत, पण माल्टिटॉल जास्त झाले की पोट ढिले होते आणि चिकोरीचा तंतू जास्त झाला की पोट वाजते. या दोन्ही गोष्टी जाहिरातीतल्या धावणाऱ्या तरुणीला कोणी सांगितल्या असतील तर तिच्या वेगाचे रहस्य उलगडते. ज्याला डॉक्टरांनी किंवा तालीम घेणाऱ्यांनी प्रथिने वाढवायला सांगितली आहेत त्याने ती औषध म्हणून खुशाल खावी. औषधाला आपण चव विचारीत नाही. पण तिने चॉकलेटचा अंगरखा घालून खाऊच्या पंगतीत येऊन बसावे, हे वेषांतर मला मान्य नाही.

क्रमांक तीन, क्रॅनबेरी आणि बिया. क्रॅनबेरी हे थंड देशातले आंबट फळ. आपल्या करवंदाची दूरची शहरी बहीण म्हणा, वनस्पतिशास्त्र बाजूला ठेवून. ते मुळात इतके आंबट आणि तुरट की साखरेत मुरवल्याखेरीज सुकवून खाता येत नाही. म्हणून सुकी क्रॅनबेरी म्हणून जी मिळते ती निम्म्याहून अधिक साखरच असते. तरीसुद्धा ही वडी मला आवडली. गोडाच्या मागे आंबट उभे राहिले की जीभ जागी होते. भोपळ्याच्या बिया तिच्यात भाजून घातल्या होत्या, त्या खमंग लागत होत्या. ही वडी करणाऱ्याला निदान दोन रस ठाऊक होते.

सहा रसांचा हिशेब येथे सांगून टाकते, कारण माझी कसोटी तीच आहे. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. घरच्या डिंकाच्या लाडवात गूळ गोड, खारीक किंचित तुरट, मेथी असेल तर ती कडू, सुंठ तिखट. चार रस एका मुठीत मावतात. म्हणून तो एकच खाल्ला तरी पुरतो. बहुतेक वड्यांत एकच रस असतो, तो म्हणजे गोड. आणि तोही गोड असल्याचे नाकारणारा.

क्रमांक चार, ओट्स आणि मध. हिच्याबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. जॅक्सनसाहेबांचा वारसा हिने इमानाने चालवला आहे. क्रमांक सहा ही शेंगदाणा-गुळाची, मातकट रंगाच्या खरबरीत कागदात गुंडाळलेली, वर 'पारंपरिक' असे लिहिलेली. ती सात क्रमांकाच्या चिक्कीशेजारी ठेवली तेव्हा तिघांनीही चिक्कीला अधिक गुण दिले. कारण उघड आहे. चिक्कीचा पाक कडक होता, दाणा ताजा भाजलेला होता, आणि मोडताना 'कट्' असा आवाज आला. सहावीने मऊ राहण्यासाठी पाकात काही मिसळले होते. शेंगदाणा आणि गूळ यांच्यामध्ये मऊपणाला जागा नाही.

राहिली पाचवी. हिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला असे म्हटले तरी चालेल.

आंबा, खजूर आणि काजू. चवीला उत्तम. सासूबाईंनी हिला आठव्या क्रमांकाच्या, म्हणजे खऱ्या आंबापोळीच्या, खालोखाल गुण दिले. वेष्टण बाहेर काढल्यावर पोस्टमास्तर काकांचा चेहरा खुलला. "अहो, ही तर माझी नेहमीची," ते म्हणाले. दुपारी चहाबरोबर दोन वड्या, गेले सहा महिने. गोळ्यांच्या डबीशेजारीच खोके असते. वेष्टणावर ठळक अक्षरांत लिहिले होते, 'साखर घातलेली नाही.'

हे वाक्य खरे आहे. त्यात साखर घातलेली नव्हती. मी वेष्टण उलटे केले.

वेष्टणाच्या पाठीवर बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात. आपल्या पाककृतींच्या पुस्तकांत यालाच 'साहित्य' म्हणतात आणि मला तोच शब्द आवडतो, कारण त्यामुळे या लेखाला साहित्यसमीक्षा म्हणवून घेण्याचा हक्क पोचतो. या साहित्याचा एक नियम आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे जो घटक अधिक तो आधी लिहायचा. म्हणजे पहिली तीन नावे वाचली की कथानक समजले. वेष्टणाच्या चित्रात बदाम ढिगाने सांडलेले असतात. पाठीवर पाहावे तर बदाम सातव्या जागी, वरातीत मागून चालणाऱ्या लांबच्या नातेवाइकासारखे. दुसरी एक युक्ती मी चौथ्या वडीवर पाहिली. तेथे ओट्स पहिले, आणि मग साखर, मध, ग्लुकोजचा पाक, गूळ अशी चार वेगवेगळी नावे. एकच बहुरूपी चार सोंगे घेऊन आला की प्रत्येक सोंग लहान दिसते आणि ओट्सची पहिली जागा राहते. चारी सोंगांची बेरीज कोणी करीत नाही.

त्याच नियमांनी एक कोष्टकही सक्तीचे केले आहे. त्यात एकूण साखर निराळी आणि वरून घातलेली साखर निराळी छापावी लागते. पाचव्या वडीच्या कोष्टकात वरून घातलेली साखर शून्य होती. त्याच्याच वरच्या ओळीत, शंभर ग्रॅममागे एकूण साखर ५२ ग्रॅम. वडी ३० ग्रॅमची. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पण त्रैराशिक त्याच्या आतलेच आहे. एका वडीत साडेपंधरा ग्रॅम, म्हणजे चहाचे सुमारे चार चमचे. दोन वड्यांत आठ. खजुराचा यात गुन्हा नाही. खजूर जातीचाच गोड, त्याच्या शंभर ग्रॅममध्ये साठ ग्रॅमहून अधिक साखर असते आणि ती त्याने कधी लपवलेली नाही. सबंध फळातली साखर तंतूबरोबर येते, चमच्यातल्या साखरेसारखी ती एकदम रक्तात धावत नाही, हेही खरे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेवर मर्यादा घालायला सांगितली, रोजच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी, म्हणजे दोन हजार उष्मांक खाणाऱ्या माणसाला ५० ग्रॅमच्या आत. त्यात मध, पाक आणि फळांचे रस मोजले. सबंध फळ मोजले नाही. पण ज्याला साखरेचा विकार आहे त्याच्या शरीराला व्याकरण कळत नाही. 'घातलेली नाही' आणि 'नाही' यांतला फरक ते जाणत नाही.

काकांनी वेष्टण चष्म्याजवळ नेऊन दोनदा वाचले. चाळीस वर्षे दुसऱ्यांचे पत्ते वाचण्यात घालवलेला माणूस. "अक्षर लहान आहे," एवढेच ते म्हणाले. संध्याकाळी ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी वडी बंद केली नाही, दोनाची अर्धी केली आणि ती भाकरीच्या हिशेबात धरायला सांगितली.

माझा या सर्व साहित्यावरचा मुख्य आक्षेप येथे येतो. चव वाईट असणे हा मोठा दोष नव्हे. वाईट चवीच्या पुष्कळ गोष्टी आपण लग्नकार्यांत आनंदाने खातो. गोड असून गोड म्हणवून घ्यायची लाज वाटणे हा दोष मोठा आहे. लाडू समोर आला की माणूस 'एकच घेतो' म्हणतो, कारण लाडवाने आपली ओळख दिलेली असते. ही वडी आरोग्याचे नाव सांगून येते, म्हणून 'एकच' हा शब्द तोंडातून निघत नाही. काका चहाबरोबर दोन लाडू सहा महिने कधीच खाते ना.

सरकारदरबारीही या शब्दाची थोडी उलटतपासणी झाली आहे. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य व उद्योग मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना मुलांची गोड भुकटीची पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितले, कारण २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात अशा पेयाची व्याख्याच नाही. त्याच वर्षी जूनमध्ये फळांच्या रसाच्या डब्यांवरून 'शंभर टक्के रस' हे शब्द पुसायचा हुकूम निघाला. पाणी घालून पुन्हा पातळ केलेल्या अर्काला शंभर टक्के म्हणायचे नाही. कवींनी आणि कादंबरीकारांनी शब्द सैल वापरल्याबद्दल मात्र अद्याप कोणी हुकूम काढलेला नाही, हे आमचे भाग्य.

वेष्टणाची शक्ती केवढी असते हे मला ग्रंथालयात कळले नाही, बालवाडीत कळले. आमच्या वर्गात डब्याच्या सुट्टीत दोन-तीन मुले या वड्या आणतात. बाकीची पोळी-भाजी, शेंगदाण्याचा लाडू, कधी नुसते पोहे. एका मुलाच्या आईने घरी शेंगदाणे कुटून गुळाचा लाडू दिलेला होता. त्याने तो डब्यातून काढला नाही. शेजारच्या मुलाने टाकलेले चकचकीत वेष्टण बाकाखालून उचलले, फुंकर मारून उघडले, लाडू दाबून लांबट केला, त्यात घातला आणि मग वरून थोडा थोडा कागद सोलीत, जाहिरातीत खातात तसा, खाल्ला. मोठ्या समाधानाने खाल्ला. मी त्याला काही बोलले नाही. बोलून सांगणार काय? शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला पंचवीसेक ग्रॅम प्रथिने असतात, बदामाहून अधिक, हे पाच वर्षांच्या मुलाला सांगायचे वाक्य नव्हे. ते त्या वेष्टणावर छापायचे वाक्य आहे.

किमतीचेही बोलायला हवे. परीक्षणाच्या शेवटी पृष्ठे आणि मूल्य देण्याची रीतच आहे. पहिल्या क्रमांकाची वडी ३५ ग्रॅमची, पन्नास रुपये. किलोचा भाव चौदाशेच्या वर गेला. आमच्या बाजारातली चिक्की ऐंशी रुपये पाव किलो. पहिली चिक्कीपेक्षा चौपट चांगली आहे काय? नाही. पण आत खजूर-बदाम आहेत हे लक्षात घेता ती लुबाडणूक नव्हे. महाग पण चोख अशी ती वस्तू आहे. दुसरी शंभर रुपयांची होती. तिच्याविषयी मी पुरेसे लिहिले आहे.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, बाईंचे म्हणणे एवढेच की जुने ते सोने, वड्या फेका आणि लाडू वळा. तसे माझे मुळीच म्हणणे नाही. लाडवाचे गोडवे गाणारे बहुतेक लोक लाडू वळत नाहीत. डिंक तुपात फुलवायचा, खारकेच्या बिया काढून ती कुटायची, खोबरे किसून भाजायचे, गुळाचा पाक नजरेने ओळखायचा आणि गरम असतानाच, हाताला चटके बसत असताना, वळायचे. एका डब्याला एका बाईची एक दुपार लागते. ती दुपार किलोच्या भावात कोणी कधी धरली नाही, म्हणून लाडू स्वस्त वाटतो. कारखान्याच्या वडीची किंमत पाहून आपण दचकतो, कारण तीत कोणाची तरी दुपार प्रथमच मोजलेली असते.

माझी नणंद एस. टी. मध्ये वाहक आहे. पहाटे साडेचारला घर सोडते, स्वारगेटला गाडी लागते तेव्हा दहा मिनिटे मिळतात, त्यात चहा, हिशेब आणि प्रसाधनगृहाची रांग. तिच्या पिशवीत पूर्वी बिस्किटाचा पुडा असे, आता या वड्या असतात. तिला मी दोन वर्षे डबाभर लाडू देत आले. ती म्हणते, "वहिनी, लाडू एका हातानं खाता येत नाही, तिकिटाचं यंत्र तुपाचं होतं." हा शेरा कोणत्याही समीक्षकाने खाली मान घालून ऐकावा असा आहे. वस्तू चांगली की वाईट हे ती कोणत्या हाताने, कोठे उभे राहून खायची आहे यावरही ठरते. धावपटूसाठी जन्मलेली ही वडी महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने कोणाच्या कामाची असेल तर ती तिकीट फाडणाऱ्या, रात्रपाळी करणाऱ्या, दवाखान्यात रोग्याजवळ बसणाऱ्या माणसाच्या. त्यांनी ती खावी. पण तिने त्यांना आपले खरे नाव सांगावे आणि तोंडात गेल्यावर निदान दोन रस द्यावेत.

म्हणून निवड करायची झाली तर मी एवढेच पाहते. साहित्यातली पहिली तीन नावे आपल्या वाण्याकडे सुटी मिळतात का, एकूण साखरेचा आकडा काय आहे, आणि मोडताना आवाज येतो की ताण येतो. दिवाळीत भेट द्यायची असेल तर पहिली किंवा तिसरी द्यावी, पाचवी द्यायची तर घरात कोणाला साखरेचा विकार आहे का ते विचारून. चौथी देण्यापेक्षा शुभेच्छापत्र पाठवावे. आंबापोळी कोणी दिली तर ती दुसऱ्याला देऊ नये.

दिवाळीत एस. टी. जादा गाड्या सोडते, आणि नणंदेला पाडव्यापर्यंत सुट्टी नाही. भाऊबीजेला ती येईल तेव्हा तिच्यापुढे लाडूच ठेवीन. तोवर पिशवीत ठेवायला मी तिला पहिल्या क्रमांकाच्या बारा वड्या पाठवल्या आहेत आणि त्यांच्याबरोबर पाव किलो चिक्की, एका हाताने खाता येतील असे तुकडे करून.